डायनरचा मेन्यू छाटताना देश बघू नका, तवा बघा

प्रश्न थोडक्यात असा: सॅन अँटोनिओत राहणारं एक मराठी जोडपं, दोघांकडेही ग्रीनकार्ड. घराजवळचं जुनं डायनर (नाश्ता-जेवणाचं साधं अमेरिकन हॉटेल) विकायला निघालंय. मालक थकलेत, मुलांना रस नाही. सकाळी सहा ते दुपारी तीन एवढाच धंदा, पण मेन्यू चार पानी: दोन पानं अमेरिकन, दोन मेक्सिकन. ताईंनी पूर्वी कोल्हापुरात मेस चालवलेली आहे. त्या विचारतात की एवढा पसारा आम्हाला झेपणार नाही, तर मेक्सिकन ठेवू की अमेरिकन? आपलं काही त्यात घालता येईल का? घेण्याआधी काय काय तपासायचं? आणि यजमानांच्या मनात आहे की संध्याकाळीही उघडं ठेवावं, मार्गारिटा (टकीलाचं कॉकटेल) विकावी, त्यातच खरा पैसा आहे. ते बरोबर आहे का?

टेक्सासमधल्या अशाच स्वयंपाकघरांत मी आधी तव्यावर आणि नंतर मॅनेजर म्हणून काम केलंय, त्या हिशेबाने सांगतो.

ताई, दोन्हीतलं एक काढायचा विचार आधी डोक्यातून काढा. मेन्यूवर दोन देश दिसतात, आत स्वयंपाकघर एकच आहे. मेक्सिकन पानं फाडलीत तर तुमचे बटाटे, अंडी, चीज, कांदा यांतलं काहीही कमी होणार नाही, फक्त त्यातून होणारी विक्री कमी होईल. अमेरिकन पानं फाडलीत तर सकाळी काउंटरवर बसणारे, लॅकलँड किंवा फोर्ट सॅम ह्यूस्टन या लष्करी तळांवरून निवृत्त झालेले म्हातारे दुसरीकडे जातील, आणि त्यांच्यामागोमाग त्यांची मेक्सिकन वंशाची सुनबाई आणि नातवंडंही. या शहरात एकाच टेबलावर एक जण पॅनकेक मागवतो, दुसरी मिगास (मक्याच्या पोळीचे तुकडे घातलेली अंडी) मागवते, आणि त्यात कुणालाच काही वेगळं वाटत नाही.

वाटायचं कारणही नाही. १८८०च्या दशकात इथल्या मिलिटरी प्लाझात संध्याकाळी कंदील लावून बायका चिली (मिरचीचा झणझणीत मांसाचा रस्सा) विकायला बसायच्या. ‘चिली क्वीन्स’ म्हणून त्या इतक्या गाजल्या की रेल्वेने येणारे प्रवासी मुद्दाम तिथे जेवायला जायचे. पुढे आरोग्य खात्याच्या नियमांनी तो बाजार उठला. जवळच्याच न्यू ब्राउनफेल्समध्ये विल्यम गेबहार्ट नावाच्या जर्मन माणसाने १८९०च्या दशकात वाळल्या मिरचीची तयार पूड विकायला काढली, आणि मिरची न कुटता कुणालाही चिली करता येऊ लागली. १९३२ साली चार्ल्स एल्मर डूलिनने याच शहरात मक्याच्या पिठाच्या तळलेल्या पट्ट्या पाकिटात भरून ‘फ्रीटोज’ सुरू केल्या. पुढे १९५०च्या दशकात त्याच फ्रीटोज हॅम्बर्गरमध्ये जाऊन बसल्या: बनवर मांसाची टिक्की, तिच्यावर घोटलेल्या पिंटो (राजम्यासारख्या) बीन्स, चुरलेल्या फ्रीटोज, कच्चा कांदा आणि पातळ पिवळं चीज. याला इथे बीन बर्गर म्हणतात. आता हा मेन्यूच्या कुठल्या पानावर लिहायचा ते तुम्हीच सांगा. मी काम केलं तिथे तो अमेरिकन बाजूला होता, आणि तो खाणारे बहुतेक सगळे घरी स्पॅनिश बोलणारे.

पण खरा पुरावा तव्याशेजारच्या पातेल्यात असतो. एकदा पहाटे पाचला आत जाऊन उभ्या राहा आणि ग्रेव्ही होताना बघा. जाड बुडाच्या पातेल्यात बेकनची राखून ठेवलेली चरबी, तेवढाच मैदा, मंद आच, हातात तारेचा घोटणा. मैद्याचा कच्चा वास गेला पण रंग अजून पांढुरका आहे, त्या क्षणी जाणता कुक अर्धं मिश्रण दुसऱ्या पातेल्यात काढतो. त्यात दूध थोडं थोडं घालून, मीठ आणि भरपूर काळी मिरी टाकून झाली क्रीम ग्रेव्ही. ही चिकन-फ्राइड स्टेकवर आणि बिस्किटांवर (इथे बिस्किट म्हणजे छोटा मऊ पाव) जाते. उरलेलं अर्धं तो बदामी होईपर्यंत परततो. मग मिरची पूड, जिरं, लसूण, थोडा ओरेगानो, आणि लगेच पाणी किंवा स्टॉक, कारण मिरची पूड अर्धं मिनिट जास्त राहिली तर कडू होते आणि सगळं पातेलं ओतून द्यावं लागतं. ही झाली चिली ग्रेव्ही, म्हणजे चीज एन्चिलाडाचा (चीज भरून गुंडाळलेल्या मक्याच्या पोळीचा) जीव. मेक्सिकोच्या आतल्या भागातला माणूस या ग्रेव्हीकडे बघून नाक मुरडतो, कारण त्यांच्याकडे मिरच्या भिजवून वाटतात, मैदा लावत नाहीत आणि जिऱ्याचा हातही आखडता असतो. मुरडू द्या. हे टेक्सासचं जेवण आहे, इथल्या माणसाच्या लहानपणाची चव तीच आहे. तुम्ही ‘अस्सल’ करायला गेलात तर नेहमीचं गिऱ्हाईक विचारेल, ग्रेव्हीला काय झालं?

(जाता जाता: चिकन-फ्राइड स्टेकमध्ये चिकन नसतं. तो ठोकून पातळ केलेला बीफचा तुकडा असतो, तळलेल्या चिकनसारखं पिठाचं आवरण दिलेला. तुमच्याकडे देशी मंडळी येतील, त्यांना ऑर्डर घेतानाच सांगा. खाल्ल्यावर कळलं तर पुन्हा तोंड दाखवणार नाहीत.)

आता तव्याकडे या. डायनरचा सपाट तवा चार ते सहा फूट लांब असतो आणि त्याखाली दर फुटागणिक वेगळा बर्नर, वेगळा थर्मोस्टॅट. एका टोकाला ३०० फॅरेनहाइटच्या आसपास अंडी, मध्ये ३७५ला पॅनकेक, त्यापलीकडे बर्गर आणि कांदा, आणि सगळ्यात तापलेल्या टोकाला तॉर्तिया, म्हणजे मक्याची किंवा मैद्याची पोळी. समजा चार जणांच्या टेबलाची चिठ्ठी आली: आजोबांना दोन अंडी ओव्हर ईझी, बेकन, हॅश ब्राउन, आजींना मिगास, मुलाला चीजबर्गर, नातीला पॅनकेक. हॅश ब्राउन आणि बर्गर आधी पडतात कारण त्यांना वेळ लागतो. मग पॅनकेक. मिगाससाठी तॉर्तियाचे तुकडे, कांदा, टोमॅटो, हालापेन्यो परतायला घेतले जातात आणि अंडी सगळ्यात शेवटी, कारण ती वाट बघत नाहीत. चारही ताटं एकाच खिडकीत एकाच वेळी लागतात. हे सगळं एक माणूस, एका लोखंडावर, दोन उलथन्यांनी करतो. त्याला विचारा यातलं मेक्सिकन काय आणि अमेरिकन काय. तो म्हणेल, सकाळी साडेआठला असले प्रश्न विचारू नका.

आणि मिगास म्हणजे तुमच्या ओळखीचीच वस्तू आहे. शिळ्या पोळीची जशी आपण फोडणीची पोळी करतो, तशी कालच्या मक्याच्या तॉर्तियाची ही सोय, फक्त अंडं घातलेली. सगळं डायनर अशा ‘कालच्या’ हिशेबावर चालतं. मक्याची तॉर्तिया ताजी असताना ताटात जाते. थोडी वाळली की एन्चिलाडाला उलट जास्त चांगली, कारण गरम तेलात क्षणभर बुडवून काढली की लवचिक होते आणि गुंडाळताना फाटत नाही. आणखी वाळली की तळून चिप्स. चुरा उरला तर मिगास. बटाट्याचंही तसंच. दुपारी साली ठेवून उकडायचे, रात्रभर फ्रिजमध्ये, सकाळी त्यांचे होम फ्राइज आणि त्यातलेच मूठभर अंड्यात परतले की पापास कोन ह्वेवो, म्हणजे इथला लाडका नाश्त्याचा टाको (तॉर्तियात गुंडाळलेलं सारण). ताजे उकडलेले बटाटे तव्यावर चिकटतात आणि त्यांचा लगदा होतो. मेस चालवलेल्या बाईला हे शिकवायला नको.

तर मग छाटायचं कसं? आधीच्या मालकाकडून वर्षभराचा विक्रीचा रिपोर्ट घ्या, पदार्थवार. मग एका रविवारी दुपारी वॉक-इन फ्रिज, फ्रीझर आणि कोठीतली एकेक वस्तू कागदावर लिहून काढा आणि प्रत्येकीपुढे ती किती पदार्थांत पडते ते लिहा. अंडी, पिंटो, बटाटा, पिवळं चीज, कांदा यांच्यापुढची यादी लांबलचक होईल. काही वस्तूंपुढे एकच नाव येईल. कुणीतरी कधीकाळी हौसेने घातलेला फेतुचिनी आल्फ्रेदो, बाटलीतला मोले (मिरच्यांचा दाट मेक्सिकन रस्सा), तळलेल्या कोळंबीची थाळी. ज्या वस्तूपुढे एकच पदार्थ आणि रिपोर्टमध्ये त्याची विक्री आठवड्याला चारसहा ताटं, ती वस्तू आणि तो पदार्थ दोन्ही गेले. कोणत्या देशाचा होता ते बघायचंच नाही. माझा अंदाज आहे की असं केलं की चार पानांची अडीच होतील आणि गिऱ्हाइकाच्या लक्षातही येणार नाही.

दुसरी कात्री फ्रायरवर चालवा. लोकांना वाटतं तवा अडतो. तवा अडत नाही, फ्रायर अडतो. दुपारी बारा ते दीड फ्रेंच फ्राइज, चिप्स, चिकन-फ्राइड स्टेक, कडक टाकोची टरफलं, ओनियन रिंग्ज, सगळ्यांची झुंबड दोन टोपल्यांवर. सॅन अँटोनिओचा म्हणून ओळखला जाणारा पफी टाको तर कच्च्या मक्याच्या पिठाचा, तळताना पुरीसारखा फुगणारा आणि हाताने मुडपावा लागणारा. त्याच्यासाठी एक माणूस फ्रायरपाशी बांधला जातो. तुमच्याकडे तो आहे आणि चांगला विकला जातो तर ठेवा, पण मग ओनियन रिंग्ज आणि मोझरेला स्टिक्स घालवा. दोन्ही चालणार नाहीत.

दोन गोष्टींना कात्री लावू नका, हिशेबात बसत नसल्या तरी. एक मेनुदो. गुरांचं पोट आणि चुन्याच्या निवळीतून काढलेला टपोरा मका, लाल मिरचीच्या रस्श्यात रात्रभर शिजवलेला. शनिवार-रविवारच मिळतो. त्याच्यासाठी लागणारा माल दुसऱ्या कशातही पडत नाही, वास स्वयंपाकघरभर राहतो, आणि तुम्ही स्वतः बहुधा चाखणारही नाही. पण रविवारी चर्चमधून परतणारं कुटुंब त्याच्यासाठी येतं आणि आठ जणांपैकी पाच जण दुसरं काहीतरी खातात. दुसरी गोष्ट ‘पाय’, म्हणजे सारण भरून भाजलेला गोड पदार्थ. काउंटरवरच्या काचेच्या झाकणाखाली पेकन पाय नसेल तर ती जागा डायनर वाटतच नाही.

लेंटचं वेळापत्रक भिंतीवर लावून ठेवा. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस, त्यातल्या शुक्रवारी इथले कॅथलिक मांस खात नाहीत. शहराचा मोठा भाग कॅथलिक आहे. त्या शुक्रवारी चीज एन्चिलाडा, माशाची थाळी, बीन-अँड-चीज टाको यांची मागणी एकदम चढते आणि बेकन पडून राहतं. खरेदी त्या हिशेबाने करा. त्या दिवसांत जुन्या पावाची, गुळाच्या पाकातली, चीज आणि बेदाणे घातलेली कापिरोतादा करता आली तर म्हाताऱ्या बायका तुम्हाला आशीर्वाद देतील.

यातूनच शाकाहाराचा मुद्दा निघतो, आणि तो तुमच्या फायद्याचा आहे. शहरात आपली मंडळी बरीच आहेत आणि डायनरमध्ये त्यांची पंचाईत होते. ‘बीन्स आणि राइस’ म्हणजे शाकाहारी असं समजून खातात, पण घोटलेल्या बीन्समध्ये बहुतेक ठिकाणी मान्तेका म्हणजे डुकराची चरबी असते, चारो (रस्सेदार) बीन्समध्ये बेकन, लाल भातात कोंबडीच्या स्टॉकची पावडर, गव्हाच्या तॉर्तियात पुन्हा चरबी, आणि चिली ग्रेव्हीचं तर वर सांगितलंच. पायच्या पापुद्र्यातही चरबी असू शकते. या सगळ्याला बंदी घालायला जाऊ नका, चव बदलेल. पिंटोचं दुसरं पातेलं लावा: नुसतं मीठ, कांदा, लसूण, आणि घोटताना तेल. तॉर्तिया भाजीच्या शॉर्टनिंगमध्ये करता येतात, फरक फारसा कळत नाही. दोन-तीन पदार्थांपुढे ठळक लिहा की यात मांस, चरबी, स्टॉक काही नाही. आणि फ्रायर सगळ्यांचा एकच आहे, हेही लिहा. लपवाछपवी करू नका, एका व्हॉट्सॅप ग्रुपवर गेलं की संपलं.

पातेल्यांवरून आठवलं, इन्स्पेक्टर सगळ्यात आधी बीन्स आणि भात बघतो. शिजवलेलं अन्न १३५ फॅरेनहाइटवरून ७० वर दोन तासांत आणि तिथून ४१ वर पुढच्या चार तासांत आलं पाहिजे. मोठ्या पातेल्यात झाकण ठेवून तसंच फ्रिजमध्ये ढकललं तर मधला भाग मध्यरात्रीही कोमट असतो. आपल्या मेसमध्ये सकाळचं दुपारी संपतं, इथे उद्यासाठी ठेवायचं असतं. सवय बदलावी लागेल. उथळ ट्रेमध्ये दोन-तीन इंचांचा थर, झाकण न लावता, मध्ये बर्फ भरलेली प्लॅस्टिकची दांडी फिरवायची, आणि वेळ-तापमान वहीत. वही खरी भरलेली असली पाहिजे. एकाच पेनाने एकाच बैठकीत भरलेली वही इन्स्पेक्टरला लगेच कळते.

माणसांबद्दल. धंद्याबरोबर तुम्ही तवा, फ्रिज, टेबलं विकत घेता. पण खरी किंमत दोन माणसांची आहे. एक सकाळचा तवा सांभाळणारा कुक आणि दुसरी तॉर्तिया करणारी बाई. आमच्याकडे होत्या त्यांना सगळे ‘दोन्या’ (स्पॅनिशमध्ये आदराने ‘बाई’) म्हणायचे, मालकसुद्धा. पहाटे साडेचारला येऊन मैदा, मीठ, चिमूटभर बेकिंग पावडर, चरबी आणि कढत पाणी. पीठ मळून त्याचे गोळे (तेस्तालेस म्हणतात) कपड्याखाली ठेवायच्या, आणि ते पुरते सैल पडल्याशिवाय लाटणं हातात घ्यायच्या नाहीत. लाटणं आखूड, दोन्ही टोकांना सारखं. बुडबुडे आले की एकदाच उलटायची, दाबायची नाही, आणि लगेच कपड्यात गुंडाळायची. तुम्ही लाटायला उत्तम लाटाल, पण पहिल्याच दिवशी त्यांच्या ओट्याशी उभं राहून ‘आमच्याकडे असं करतात’ सांगू नका. महिनाभर नुसत्या त्यांच्याशेजारी लाटत राहा, मग त्याच विचारतील. आणि विक्रीची बोलणी पक्की व्हायच्या आधी, मालकाच्या परवानगीने, या दोघांशी बोला. ती दोघं जाणार असतील तर किंमत कमी करा, नाहीतर सौदा सोडा.

वेट्रेसच्या पगाराचं गणित आपल्या लोकांना चमत्कारिक वाटतं. टेक्सासमध्ये टिप मिळणाऱ्या कामगाराला रोख पगार ताशी २.१३ डॉलर दिला तरी चालतो. हा आकडा १९९१पासून हललेला नाही. मात्र टिप धरून ताशी ७.२५ झाले नाहीत तर फरक मालकाने भरायचा. आणि टिपच्या बरणीला मालकाने किंवा मॅनेजरने हात लावायचा नाही, कायदा स्पष्ट आहे. माझं मत विचाराल तर सकाळच्या पाळीच्या वेट्रेसला यापेक्षा जास्त द्या. साडेसहाला दार उघडून आत येणाऱ्या म्हाताऱ्याचा कप तो बसायच्या आत भरणारी बाई तुम्हाला जाहिरात देऊन मिळणार नाही.

भावाचं एकच सांगतो. कॉफी आणि बीन-अँड-चीज टाको हे दोन भाव सगळ्यांच्या तोंडपाठ असतात, ते शेवटी वाढवा. वाढवायचंच तर थाळ्यांचे वाढवा. ग्वाकामोलेपुढे (अ‍ॅव्होकाडोच्या चटणीपुढे) आकडा छापू नका, ‘बाजारभाव’ लिहा. २०२२च्या फेब्रुवारीत अमेरिकन सरकारने मेक्सिकोतल्या मिचोआकानहून येणाऱ्या अ‍ॅव्होकाडोची तपासणी आठवडाभर थांबवली होती, ऐन सुपर बोलच्या (अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या) तोंडावर, आणि छापलेल्या मेन्यूवाल्यांची तारांबळ उडाली. अंड्यांचं तर बर्ड फ्लूमुळे त्या वर्षापासून काहीच खरं नाही. कच्चा माल विक्रीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत, आणि माल अधिक पगार मिळून पासष्ट टक्क्यांच्या आत, एवढं दर आठवड्याला बघा. महिन्याने बघणारा नेहमी उशिरा बघतो. टेबलावर फुकट जाणाऱ्या चिप्स आणि साल्साचाही हिशेब धरा. गिऱ्हाईक ते फुकट समजतं, तुम्ही समजू नका.

आता तुमचा लाडका प्रश्न: मिसळ, वडापाव. पहिलं वर्षभर नाही. मालक बदलला की नेहमीचं गिऱ्हाईक आधीच बिथरलेलं असतं, आणि मेन्यूवर अनोळखी नाव दिसलं की ‘आता हे इंडियन होणार’ अशी आवई उठते. कॅलिफोर्नियात युबा सिटीला ‘एल रांचेरो’ नावाचं एक हॉटेल होतं, पंजाबी-मेक्सिकन कुटुंबाचं, १९९०च्या दशकापर्यंत चाललं. तिथे रोटी केसादिया मिळायचा. पण तो कुणी मेन्यूसाठी शोधून काढलेला नव्हता. त्या भागात पंजाबी पुरुषांनी मेक्सिकन बायकांशी लग्नं केलेली, आणि घरातच तसं शिजायचं. तुमच्याकडेही जे यायचं ते स्टाफच्या जेवणातून येऊ दे. सगळ्यांसाठी मिसळ करा, कुक काय म्हणतो ते बघा.

एक गोष्ट मात्र लगेच करता येईल: ठेचा. सेरानो मिरच्या आणि लसूण तव्याच्या तापलेल्या टोकाला डाग पडेपर्यंत भाजायचे, दाणे आणि मीठ घालून भरडायचं. मेक्सिकोतल्या वेराक्रुसची साल्सा माचा ही वाळल्या मिरच्या, दाणे आणि लसूण तेलात परतून भरडलेली असते, त्यामुळे तिथल्या लोकांना ठेचा परका वाटणारच नाही. तिसऱ्या साल्साच्या वाटीत ठेवा. फक्त दाणे आहेत हे मेन्यूवर आणि तोंडानेही सांगा, शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी इथे जिवावर बेतते. भरडायचा खलबत्ताही वेगळा ठेवा.

घेण्याआधी काय तपासायचं ते उरकतो. पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: टेक्सास कम्प्ट्रोलरकडून (राज्याच्या कर खात्याकडून) विक्रेत्याचं ‘कर बाकी नाही’ असं प्रमाणपत्र. चालता धंदा घेतला आणि हे घेतलं नाही, तर आधीच्या मालकाने बुडवलेला सेल्स टॅक्स तुमच्या खरेदी किमतीपर्यंत तुमच्याकडून वसूल होऊ शकतो. डायनरमध्ये ८.२५ टक्के टॅक्स रोज गल्ल्यात येतो आणि अडचणीतला मालक आधी त्यालाच हात घालतो. सेल्स टॅक्सची विवरणं मागा. तोंडी सांगितलेल्या विक्रीपेक्षा ती खरं बोलतात. मालक म्हणाला की ‘रोखीतलं दाखवलेलं नाही’, तर न दाखवलेल्याचे पैसे देऊ नका.

मग छताकडे बघा. तव्यावरच्या हुडमधली (धूर ओढणाऱ्या छत्रीतली) आग विझवण्याची यंत्रणा शेवटची कधी तपासली त्याचं लेबल तिथेच लटकत असतं. सहा महिन्यांपेक्षा जुनं असेल तर प्रश्न विचारा. हुडच्या आत बोट फिरवा. ग्रीस ट्रॅप (सांडपाण्यातलं तेल अडवणारी टाकी) उपसल्याच्या पावत्या मागा. वॉक-इनचा कॉम्प्रेसर किती जुना आहे ते बघा, कारण तो बंद पडतो तो ऑगस्टमध्येच. लीजमध्ये किती वर्षं उरली आहेत आणि जागेचा मालक ती तुमच्या नावावर करायला तयार आहे का, हे लेखी घ्या. कामगारांचे आय-९ फॉर्म (अमेरिकेत काम करण्याचा हक्क तपासल्याची नोंद) आणि बाकीचे कागद वकिलाला दाखवा. आणि ग्रीनकार्ड आहे म्हणून तुमचं सोपं आहे. एच-१बीवरच्या मित्रांना भागीदार करून तव्यापाशी उभं करू नका.

राहिली यजमानांची मार्गारिटा. बर्फाळ मार्गारिटाचं मशीन डॅलसच्या मारियानो मार्तिनेसने १९७१ साली आइस्क्रीमच्या मशीनवरून केलं, ते आता स्मिथसोनियन संग्रहालयात आहे, आणि त्या पेयाने टेक्सासच्या कित्येक हॉटेलांना तारलं हे खरं. पण दारूचा परवाना आधीच्या मालकाकडे असला तरी तुमच्या नावावर होत नाही, नव्याने काढावा लागतो, विमा वाढतो, आणि संध्याकाळची पाळी म्हणजे दुसरा पूर्ण स्टाफ. हे सगळं एक वेळ जमेल. न जमणारी गोष्ट वेगळी आहे. दुपारी तीनला दार बंद झालं की त्याच तव्याच्या मागे उद्याची सकाळ तयार होत असते. पिंटो निवडायचे (खडे निघतात, अजूनही), शिजवायचे, थंड करायचे, बटाटे उकडायचे, चिप्स कापायच्या, ग्रेव्हीची चरबी गाळायची, तवा विटेने घासायचा. हे तीन-चार तास संध्याकाळच्या गिऱ्हाइकाला दिलेत तर सकाळचे होम फ्राइज ताज्या बटाट्याचे होतील, बीन्स डब्यातल्या येतील, आणि पहाटे साडेचारला येणारी बाई चिकट तवा बघून परत जाईल. यजमानांना हौस असेल तर शुक्रवारी एकच संध्याकाळ, तीही लेंटमध्ये, माशाची थाळी आणि चीज एन्चिलाडा, दारूशिवाय करून बघा. सहा आठवड्यांत काय ते कळेल.